वयाचा रकाना

सरकारी कागदांत ज्याचे आयुष्य जाते, त्या माणसाला एक गोष्ट फार लवकर समजते. एखाद्या योजनेचा स्वभाव जाणून घ्यावयाचा असेल, तर तिच्या प्रस्तावनेपेक्षा अर्जाचे रकाने वाचावेत. प्रस्तावनेत 'सर्व नागरिक' हे शब्द असतात. खाली कोष्टक सुरू होते आणि नाव, गाव, शिक्षण, उत्पन्न अशा एकेका रकान्यापाशी त्या सर्व नागरिकांतील काहीजण मागे राहतात. ह्या रकान्यांत वयाचा रकाना सर्वांत निरुपद्रवी दिसतो. त्यात दोन आकडे असतात आणि मध्ये एक आडवी रेघ असते. परंतु आपल्या देशात प्रौढांना अक्षरे शिकविण्याचे, आणि अलीकडे संगणक व इंटरनेट शिकविण्याचे, जे प्रयत्न झाले त्यांचा इतिहास चाळीत असता मला असे आढळून आले की, त्या इतिहासाचा पुष्कळसा भाग ह्या दोन आकड्यांतच सामावलेला आहे.

नोकरीच्या निमित्ताने गेली काही वर्षे माझे वास्तव्य केरळात आहे. २१ ऑगस्ट २०२५ रोजी ह्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी तिरुवनंतपुरम येथे केरळ पूर्णतः 'डिजिटल साक्षर' झाल्याची घोषणा केली. शिकलेल्यांच्या यादीत नव्वदी ओलांडलेले पंधरा हजारांहून अधिक स्त्रीपुरुष होते. परगावच्या माणसाला हे ऐकून प्रथम असे वाटते की, हा केवळ स्वस्त झालेल्या मोबाईलचा प्रताप असावा. मलाही तसेच वाटले होते. पुढे जसजशी माहिती मिळत गेली, तसतसे ध्यानात आले की, ह्या घोषणेची मुळे मोबाईलपेक्षा फार जुनी आहेत आणि ती गावोगावच्या वाचनालयांत रुजलेली आहेत.

केरळातील लोकशिक्षणाची कथा सांगताना १८१७ सालापासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. प्रजेच्या शिक्षणाचा सर्व खर्च राज्याने सोसावा, असे आज्ञापत्र त्या वर्षी त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाई ह्यांच्या नावे निघाले. तथापि त्या आज्ञेचा लाभ मुख्यतः मुलांना व्हावयाचा होता. वयस्कांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे वर्ष म्हणजे १९४५. त्या वर्षी पी. एन. पणिक्कर ह्या शिक्षकाने त्रावणकोरातील ४७ ग्रंथालयांना एकत्र आणले आणि ग्रंथशाला संघाची स्थापना झाली. पणिक्करांनी पुढील अनेक वर्षे गावोगाव हिंडण्यात घालविली. 'वाचा आणि वाढा' एवढाच त्यांचा मंत्र होता. १९ जून १९९५ रोजी ते निवर्तले, आणि तो दिवस केरळात वाचनदिन म्हणून पाळला जातो.

ह्या वाचनालयांचे स्वरूप आपल्याकडील शहरी ग्रंथसंग्रहालयांहून निराळे होते. एक खोली, एक बाक, दोनचार वर्तमानपत्रे आणि कपाटभर पुस्तके एवढाच तेथील संसार असे. ज्याला वाचता येई त्याने मोठ्याने वाचावे आणि ज्याला येत नसे त्याने ऐकावे, अशी रीत होती. तेथे येणाऱ्याचे वय कोणी विचारीत नसे. नातवाला शाळेतून घरी नेण्यासाठी निघालेला म्हातारा वाटेत त्या बाकावर टेकला, तर तोही तितक्याच हक्काचा सभासद समजला जाई. पुढे ह्या राज्यात जे जे घडले, त्याला ह्या बाकाचा आधार होता.

आता क्षणभर आपल्या मुलखाकडे वळू. महाराष्ट्रानेही ह्या बाबतीत एक मोठा उद्योग केला होता, आणि परप्रांती राहणाऱ्या आपल्या पिढीला त्याचा जवळजवळ विसर पडला आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि तेथून ती महाराष्ट्रभर पसरली. गावातील शिक्षक आणि शिकलेली माणसे रात्री वर्ग घेत. गाव साक्षर झाले म्हणजे मोठ्या उत्साहाने ग्रामगौरव समारंभ होई. मोहिमेने आपल्या कामासाठी चौदा ते पन्नास हा वयोगट डोळ्यांपुढे ठेवला होता.

आमचे मूळ गाव त्याच जिल्ह्यातले. माझी आजी त्या वेळी पंचविशीतली सून होती. ती कंदिलाच्या उजेडात अक्षरे शिकली आणि अखेरपर्यंत पोथी स्वतः वाचीत असे. माझ्या पणजीने मात्र पन्नाशी ओलांडली होती. वर्ग चालू असताना ती मांडीवर नातवंडाला घेऊन भिंतीशी बसे. फळ्यावरची अक्षरे रोज तिच्याही डोळ्यांपुढून जात. तिच्या हाती कोणी पाटी दिली नाही आणि तिनेही मागितली नाही. ही हकीकत सांगताना आजीच्या स्वरात तक्रार नसे. "त्यांचं वय झालं होतं," एवढेच ती म्हणे. त्या काळी हे उत्तर सर्वांना पुरेसे वाटत होते.

सरकारी धोरणालाही ते दीर्घकाळ पुरेसे वाटले. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याच्या वयाच्या रकान्यात पंधरा ते पस्तीस हे आकडे होते. ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता अभियान स्थापन झाले, आणि त्यानेही तेच आकडे कायम ठेवले. म्हणजे सातारच्या गावकऱ्यांनी पन्नासावर ओढलेली रेघ दिल्लीत पस्तिसावर आली. ज्यांनी ती ओढली त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु त्यांच्यापुढे पैसा थोडा, शिक्षक थोडे आणि निरक्षर कोट्यवधी होते. तरुण माणूस शिकला तर त्याच्या हातून उत्पादन वाढेल, त्याची मुले शाळेत जातील, आणि शिक्षणावर केलेला खर्च तीस-चाळीस वर्षे फळ देत राहील. म्हाताऱ्याच्या शिक्षणाचे फळ किती दिवस मिळणार? हिशेब म्हणून ह्यात चूक काढता येत नाही. शिक्षणाला पेरणी मानले की पिकाचा हिशेब ओघानेच येतो.

ह्या हिशेबाला पहिला मोठा धक्का केरळातील एर्नाकुलम जिल्ह्याने दिला. १९८९ साली तेथे संपूर्ण साक्षरतेची मोहीम सुरू झाली. जिल्हा प्रशासन आणि केरळ शास्त्र साहित्य परिषद ह्यांनी ती खांद्यावर घेतली. ही परिषद १९६२ साली मलयाळम भाषेत विज्ञानलेखन करणाऱ्यांनी स्थापन केलेली, आणि शिक्षक, कारकून, अभियंते, विद्यार्थी अशा सामान्य माणसांच्या बळावर वाढलेली. सुमारे वीस हजार स्वयंसेवक विनावेतन शिकवीत होते. मोहिमेचा वयोगट पाच ते साठ असा होता. पस्तिसाची रेघ येथे एकदम साठावर गेली, आणि ती तेथे जाताच शिक्षकांपुढे असा एक प्रश्न उभा राहिला की, ज्याचा कोणत्याही पाठ्यपुस्तकात उल्लेख नव्हता. शिकणाऱ्यांपैकी अनेकांना फळा दिसतच नव्हता! चाळिशीनंतर जवळचे अंधूक होते हे आपण सर्व जाणतो. पण ज्याने आयुष्यात कधी अक्षर पाहिले नाही, त्याला आपली नजर गेली आहे हे कळावे कसे? तेव्हा नेत्रतपासणीची शिबिरे भरविण्यात आली आणि गरजूंना विनामूल्य चष्मे वाटण्यात आले. म्हातारपणी बुद्धी मंदावते असा जो समज आहे, त्यातील किती भाग वास्तविक चष्म्याच्या अभावाचा असतो, हे त्या शिबिरांनी दाखवून दिले.

४ फेब्रुवारी १९९० रोजी एर्नाकुलम हा देशातील पहिला संपूर्ण साक्षर जिल्हा म्हणून घोषित झाला. पाठोपाठ सर्व राज्यात मोहीम झाली आणि १८ एप्रिल १९९१ रोजी कोझिकोडच्या मानांचिरा मैदानावर केरळच्या संपूर्ण साक्षरतेची घोषणा करण्यात आली. त्या दिवशी व्यासपीठावर मंत्री आणि विद्वान पुष्कळ असतील. पण घोषणा वाचून दाखविण्याचा मान चेलक्कोडन आयिषा ह्या मलप्पुरम जिल्ह्यातील नवसाक्षर स्त्रीला देण्यात आला. एका राज्याच्या इतिहासातील इतके मोठे वाक्य नुकतेच वाचावयास शिकलेल्या स्त्रीच्या मुखातून उच्चारले जावे, ह्यातील औचित्य मला फार थोर वाटते.

अक्षरांच्या ह्या मोहिमेला एक तप झाले तोच संगणकाची मोहीम आली. १८ नोव्हेंबर २००२ रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम ह्यांच्या हस्ते 'अक्षय' योजनेचा प्रारंभ झाला, आणि प्रयोगासाठी मलप्पुरम जिल्हा निवडण्यात आला. कोणत्याही घरापासून दोन-तीन किलोमीटरांच्या आत एक संगणककेंद्र असावे, आणि प्रत्येक कुटुंबातील निदान एका व्यक्तीला संगणकाची तोंडओळख करून द्यावी, असा संकल्प होता. शिक्षण थोडक्या तासांचे होते आणि त्याच्या खर्चाचा मोठा भाग पंचायती उचलीत. खेड्यातील गृहिणीने संगणकाचा उंदीर प्रथम हाती धरला तो ह्या केंद्रांत. योजना मोठी होती आणि तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु 'घरटी एक' ह्या शब्दांतही एक न छापलेला रकाना होता. घरातून एकानेच जावयाचे ठरले म्हणजे कोण जाणार? महाविद्यालयात जाणारा मुलगा, नाहीतर मुलगी. आजोबा "तूच शिकून ये, मला सांग" असे म्हणून ओसरीवर बसून राहणार. आणि तरुण माणूस शिकून येतो खरा, पण पुढे तो नोकरीसाठी बंगळूरला जातो किंवा आखाती देशांत जातो. घरात आलेली विद्या त्याच्याबरोबर विमानात बसते.

इकडे दिल्लीत २००९ साली एक चांगली गोष्ट घडली. त्या वर्षी सुरू झालेल्या 'साक्षर भारत' कार्यक्रमात वयाची वरची मर्यादा काढून टाकण्यात आली; पंधरा वर्षे आणि त्यापुढील, असा मजकूर आला. २०२२ साली पाच वर्षांसाठी मंजूर झालेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमातही वरचा आकडा नाही. म्हणजे अक्षरांपुरती ती रेघ पुसली गेली. परंतु २०१७ साली ग्रामीण भागासाठी 'प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान' मंजूर झाले. २,३५१.३८ कोटी रुपयांचा खर्च, सहा कोटी ग्रामीण माणसांना वीस तासांचे विनामूल्य शिक्षण, हे त्याचे स्वरूप होते. तेथेही नियम घरटी एक असाच, आणि वयाच्या रकान्यातील आकडे होते चौदा ते साठ. अभियान ३१ मार्च २०२४ रोजी संपले, तोपर्यंत सहा कोटींचा संकल्प पुरा होऊन वर गेला होता. एवढे प्रचंड कार्य झाले असता त्यातील उणीव दाखविणे कृपणपणाचे वाटेल. तरीही हे नमूद केलेच पाहिजे की, अक्षरांच्या बाबतीत पुसलेली रेघ संगणकाच्या बाबतीत पुन्हा ओढली गेली, आणि ती नेमकी साठावर ओढली गेली.

नेमकी असे म्हणण्याचे कारण आहे. माझ्या पणजीला अक्षर आले नाही म्हणून तिचे नुकसान झाले हे खरे. तथापि तिला रोज कोणी अक्षर मागत नव्हते. दळण, कांडण, देवदर्शन, लेकीसुनांची बाळंतपणे, ह्यांपैकी कशासाठीही तिला सही करावी लागत नव्हती. आजच्या वृद्धाची स्थिती निराळी आहे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी निवृत्तिवेतनधारकांसाठी 'जीवन प्रमाण' ही सोय सुरू झाली. हयातीचा दाखला घेऊन कचेरीत खेटे घालण्याऐवजी बोटाचा ठसा, आणि पुढे चेहरा, यंत्राला दाखविला की काम व्हावे, हा तिचा हेतू. पुष्कळांचे हाल तिने वाचविले आहेत. परंतु ज्याची बोटे शेतात किंवा लेथवर झिजली त्याचा ठसा यंत्राला उमटत नाही, आणि चेहऱ्याची सोय वापरावयाची तर मोबाईल हाताळता आला पाहिजे. १ मार्च २०२१ रोजी कोरोनाची लस सामान्य नागरिकांस खुली झाली, तेव्हा प्रथम बोलाविले गेले ते साठ वर्षांवरील लोक. आणि नाव नोंदविण्याचा मुख्य मार्ग होता इंटरनेटचा. केंद्रावर जाऊनही नोंद होत असे, पण त्यासाठी पहाटेपासून रांग धरावी लागे. राज्यसंस्था ज्यांना सर्वांआधी हाक मारते, त्यांनाच ती हाक ऐकू येण्याची विद्या शिकविण्याचे तिच्या कोष्टकात नव्हते. पिकाचा हिशेब येथे लागू पडत नाही. वृद्धाला मोबाईल शिकविणे ही भविष्यासाठी केलेली पेरणी नव्हे. त्याचे स्वतःचे जे आहे ते त्याच्या हाती पोचविण्याचा तो मार्ग आहे.

केरळात ह्या विचाराला चालना मिळण्यास एक वृद्धा अंशतः कारणीभूत झाली असावी. अलप्पुझा जिल्ह्यातील कार्त्यायनी अम्मा ह्यांनी २०१८ च्या ऑगस्टमध्ये राज्य साक्षरता मिशनची 'अक्षरलक्षम्' परीक्षा दिली. तेव्हा त्यांचे वय ९६ वर्षांचे होते. बेचाळीस हजारांहून अधिक लोक त्या परीक्षेत उत्तीर्ण झाले आणि त्यांत शंभरांपैकी ९८ गुण मिळवून ह्या पहिल्या आल्या. जन्मभर मंदिरांतून आणि घरांतून झाडलोट केलेली ही स्त्री आपल्या मुलीचे शिक्षण पाहून शिकावयास बसली होती. आता पुढे काय, असे विचारल्यावर त्यांनी संगणक शिकण्याची इच्छा बोलून दाखविली, आणि शिक्षणमंत्र्यांनी त्यांच्या घरी जाऊन त्यांना संगणक भेट दिला. २०२० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. चौदा ते साठ ह्या रकान्यात त्यांना छत्तीस वर्षे आधी येणे भाग होते.

ह्यानंतरचा प्रसंग तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील पुल्लम्पारा ह्या पंचायतीचा आहे. रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या बायकांना मजुरी जमा झाली की नाही हे पाहण्यासाठी बँकेत जावे लागे आणि त्यापायी एक दिवसाची मजुरी बुडे. हे तेथील काही कार्यकर्त्यांच्या ध्यानात आले आणि २०२१ साली त्यांनी शिकवणीस प्रारंभ केला, असे सांगतात. घरोघर पाहणी करून ज्यांना मोबाईलचे व्यवहार येत नाहीत अशांची यादी करण्यात आली. वर्ग भरले ते कामाच्या जागी, झाडाखाली, कुटुंबश्रीच्या बचतगटांच्या बैठकीत, वाचनालयात, आणि जे उठू शकत नव्हते त्यांच्या खाटेपाशी. २१ सप्टेंबर २०२२ रोजी ही पंचायत राज्यातील पहिली पूर्ण डिजिटल साक्षर पंचायत म्हणून घोषित झाली. त्याच नमुन्यावर सर्व राज्यासाठी 'डिजी केरळम्' योजना आखण्यात आली.

आकड्यांची आवड ही आमच्या पेशाची खोड आहे. तेव्हा ते थोडक्यात देतो. ८३ लाखांहून अधिक घरांतील दीड कोटी माणसांची पाहणी झाली. सुमारे २१ लाख ८८ हजार माणसे शिकण्याजोगी आढळली. अडीच लाखांहून अधिक स्वयंसेवकांनी त्यांना शिकविले. शेकडा ९९.९८ माणसे शेवटच्या चाचणीत उतरली असे सरकारने जाहीर केले. शिकवावयाचे ते अगदी साधे होते: मोबाईल सुरू करणे, दूरदेशीच्या मुलाला चेहरा दिसेल अशा रीतीने बोलावणे, चित्र पाठविणे, विजेचे बिल भरणे, गॅस मागविणे, सरकारी सेवेसाठी अर्ज करणे, आणि खोटी बातमी व खोटा फोन ओळखणे. ह्या योजनेच्या वयाच्या रकान्यात वरचा आकडा घालण्यात आला नाही, आणि म्हणूनच त्या यादीत शंभरी ओलांडलेलेही आले.

ह्या ठिकाणी इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. घोषणा आणि वस्तुस्थिती ह्यांत अंतर असू शकते, हे केरळनेच एकदा अनुभवले आहे. १९९१ साली संपूर्ण साक्षरतेची घोषणा झाली त्याच वर्षीच्या जनगणनेत राज्याची साक्षरता शेकडा ८९.८१ होती. नव्वदाच्या आसपास पोचले की 'संपूर्ण' म्हणावे, असा तो संकेत होता. शिवाय शिकलेले अक्षर वापरले नाही तर पुसट होते, म्हणून नवसाक्षरांसाठी पुढेही केंद्रे चालवावी लागली. मोबाईलच्या विद्येत हा धोका अधिक आहे. 'क' हे अक्षर माझ्या आजीने १९६० साली जसे गिरविले तसेच ते आजही आहे. मोबाईलच्या पडद्यावरील बटन मात्र सहा महिन्यांत जागा बदलते, रंग बदलते, कधी नाहीसेच होते. ज्या वृद्धाने मोठ्या कष्टाने एक वाट पाठ केली, त्याला एका सकाळी ती वाटच सापडत नाही. अशा विद्येची शाळा घोषणा झाली म्हणून बंद करता येत नाही. जेथे वाचनालयाचा बाक आहे, बचतगटाची आठवड्याची बैठक आहे, तेथे विचारावयास जागा राहते. केरळचे खरे बळ त्या जागेत आहे, आणि घोषणेचे टिकणेही तिच्यावरच अवलंबून राहील.

येथील एका वाचनालयात मी अशी शिकवणी पाहिली आहे. शिकविणारी मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची. शिकणारे गृहस्थ पंचाहत्तरीचे, निवृत्त सुतार. त्यांचे बोट पडद्यावर फार वेळ टेके, आणि यंत्राला वाटे की त्यांना काही निराळेच हवे आहे. मुलीने त्यांच्या हातून मोबाईल घेतला नाही. "अप्पूप्पा, डासाला हाकलतो तसं," असे ती मलयाळीत म्हणाली. ते हसले, आणि चौथ्या खेपेस त्यांना जमले. मी घरी येताना सबंध वाटेत त्या एका गोष्टीचा विचार करीत होतो की, तिने त्यांच्या हातून मोबाईल घेतला नाही.

कारण मी नेमके तेच करीत आलो आहे. माझे वडील गावी असतात. त्यांचे विजेचे बिल, बँकेचे काम, गाडीचे तिकीट, सर्व मी येथून करतो. पडद्यावर आकडे आले की मी फोन करतो, "अण्णा, आता आलेला नंबर सांगा." ते चष्मा शोधतात आणि अडखळत सहा आकडे वाचतात. त्याच फोनवर मी त्यांना दर आठवड्यास बजावतो की, असा नंबर कधीही कोणाला फोनवर सांगू नका. परमुलखात राहणाऱ्या आपणांपैकी बहुतेकांच्या घरी हेच चालत असेल. त्याला आपण सेवा समजतो, आणि ती सेवा आहेही. पण ह्या सेवेमुळे वडिलांना शिकविण्याची वेळ मात्र दर वर्षी पुढे जाते. शिवाय मोबाईलवर नंबर सांगण्याची सवय आपणच त्यांना लावतो आणि ठकाचे काम सोपे करून ठेवतो. गेल्या दिवाळीत मी म्हटले, "अण्णा, शिकता का?" ते म्हणाले, "आता ह्या वयात?" माझ्या आजीने पणजीविषयी काढलेले उद्गार मला तत्क्षणी आठवले. साठ-पासष्ट वर्षांत रेघ भिंतीवरून उठून आमच्या घराच्या माणसांच्या मनात जाऊन बसली होती.

ती पुसता येते, ह्याचा पुरावा आपल्या मुलखातही आहे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून आज्या शाळेत येऊ लागल्या आणि त्यांची छायाचित्रे देशोदेशी गेली. त्या शाळेच्या वयाच्या रकान्यातही साठ हा आकडा आहे. परंतु तेथे तो रेघेच्या वर न येता खाली येतो. साठ पूर्ण झाल्यावर तेथे प्रवेश मिळतो.

आपण जेथे जेथे नेमले जातो तेथे बहुधा एखादे महाराष्ट्र मंडळ असते, त्याचे एक सभागृह असते, आणि गणेशोत्सव व दिवाळी सोडता ते बरेच दिवस कुलूपबंद असते. त्या त्या शहरात स्थायिक झालेली वृद्ध मराठी माणसेही असतात. त्यांची मुले पुन्हा आणखी कोठे तरी दूर असतात. आपल्यातील तरुणांनी रविवारचे दोन तास त्या सभागृहाचे दार उघडून ठेवले, तर त्यासाठी अनुदान लागणार नाही आणि मंजुरीही लागणार नाही. काही जुने चष्मे मात्र जवळ ठेवावेत. एर्नाकुलमचा तो धडा विसरू नये. नोंदवही ठेवावयाची असेल तर नाव, पत्ता आणि काय शिकावयाचे आहे, एवढे तीन रकाने पुरेत.

मी ह्या खेपेस पंधरा दिवसांची रजा मागितली आहे. अण्णांना विजेचे बिल भरावयास शिकवावयाचे, एवढाच बेत आहे. त्यांच्या हातून मोबाईल घ्यावयाचा नाही, हे मी मनाशी ठरविले आहे; पंधरा दिवस ते पाळणे सोपे जाणार नाही.